भूल उतरताना हलणारे पाय : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



पत्रास कारण की, शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या ठायी क्वचित उद्भवणाऱ्या, पण उद्भवली म्हणजे तिला स्वतःला, तिच्या घरच्यांना आणि पुष्कळदा तिच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टर-परिचारिकांनाही गोंधळात टाकणाऱ्या एका अवस्थेकडे आपले लक्ष वेधावे, आणि त्या निमित्ताने आपल्या अखत्यारीतील काही गोष्टींची तजवीज विनाविलंब व्हावी अशी विनंती करावी, एवढाच माझा हेतू आहे. कमरेत सुई टोचून दिलेली भूल उतरू लागली असता, किंवा ती उतरून तास-दोन तास लोटले असता, बाळंतिणीचे दोन्ही पाय एकाएकी तिच्या इच्छेवाचून झटके देऊ लागतात. मांडी पोटाकडे ओढली जाते, गुडघा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. ती पूर्ण शुद्धीवर असते, बोलते, रडते, पाय कोणीतरी धरून ठेवा म्हणून विनवते, आणि धरून ठेवले तरी ते थांबत नाहीत. वैद्यकात या अवस्थेला स्पायनल मायोक्लोनस असे नाव आहे. वैद्यकीय नियतकालिकांतून तिची नोंद मुख्यतः एकेका रुग्णाच्या हकीकतीच्या रूपाने झालेली आढळते, आणि त्यांतील बहुतेक हकीकतींचा शेवट सुखाचा आहे: काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात, ही हालचाल आपोआप किंवा साध्या औषधाने शमते आणि मागे काही ठेवीत नाही. इतक्या विरळ आणि बहुधा निरुपद्रवी गोष्टीसाठी आपला वेळ घेण्याचे धाडस मी करते ते अशासाठी की, वरवर पाहणाऱ्यास अगदी तशीच भासणारी दुसरी एक हालचाल आहे. ती चुकीच्या औषधाची कुपी पाठीच्या कण्यात रिती झाल्याची खूण असते, आणि तीत त्या स्त्रीच्या जीविताचा निकाल काही मिनिटांतच लागावयाचा असतो. पहिली ओळखता येणे आणि दुसरी घडूच न देणे, या दोहोंची व्यवस्था आपल्या एका हुकुमाने होऊ शकते.

माझी उभी हयात सरकारी रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत भूल देण्यात गेली, आणि त्यांत बाळंतिणींना दिलेली भूल सर्वांत अधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २५.४ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याचे नोंदले आहे. संपूर्ण देशाचा आकडा २१.५ आहे. म्हणजे आपल्या राज्यात दर चार बाळंतपणांमागे एक सिझेरियन होते, आणि त्यांतील फार मोठ्या हिश्श्याला भूल दिली जाते ती पाठीतूनच. शस्त्रक्रियांची संख्या एवढी मोठी असता, जी गोष्ट एखाद्या डॉक्टरला आयुष्यात एकदा दिसावी किंवा दिसूही नये, ती राज्याच्या कुठल्या ना कुठल्या खाटेवर केव्हा ना केव्हा घडतेच, हे हिशेब करणाऱ्यास सहज पटेल.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी गैरसमज झाला तर हे पत्र लिहिल्याचा मला पश्चात्ताप होईल. पाठीतली भूल वाईट आहे असे मी म्हणत नाही. सिझेरियनसाठी तिच्याइतकी हितकर भूल आजमितीस दुसरी नाही. १८९८ च्या ऑगस्टात जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर या शल्यविशारदाने कण्यातील द्रवात कोकेन सोडून कमरेखालचा भाग प्रथम बधिर केला, आणि १९०० साली बाझेल येथे ऑस्कर क्राइस यांनी तोच उपाय प्रसूतिवेदनांसाठी वापरून पाहिला. पुढे अनेक दशके संपूर्ण गुंगीची भूल आणि पाठीतली भूल यांचे मागेपुढे होत राहिले. पण गरोदर स्त्रीचा घसा सुजलेला असतो, श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते; शिवाय गुंगीत असताना जठरातील आम्ल फुप्फुसात उतरण्याचा धोका मोठा असतो, हे १९४६ साली न्यू यॉर्कमधील मेंडेल्सन यांच्या निबंधाने वैद्यकविश्वापुढे ठसठशीतपणे मांडले, आणि कालांतराने पारडे पाठीतल्या भुलीच्या बाजूने झुकले ते कायमचे. आज पंचवीस नंबरची, केसासारखी बारीक सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत, म्हणजे मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या बऱ्याच खाली, घातली जाते. पाण्यासारखा स्वच्छ थेंब सुईच्या तोंडाशी आला म्हणजे दोन घनसेंटिमीटरच्या आसपास जड ब्युपिव्हाकेन सोडले जाते. पायांत ऊब पसरते, मग जडपणा, मग काहीच नाही. आई जागी असते, बाळाचे पहिले रडणे तिला ऐकू येते, आणि औषधाचा अत्यल्प अंशच बाळापर्यंत पोचतो. या भुलीने जन्मभराची कंबरदुखी लागते ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे आणि तिला आधार नाही. मी जे पुढे सांगणार आहे त्याने त्या समजुतीत भर पडू नये, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

एका उपजिल्हा रुग्णालयातील प्रसंग सांगते. पहिलटकरीण होती; मूल आडवे होते म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली, ती सुरळीत पार पडली, आणि तिला प्रसूतिकक्षात हलवून बराच वेळ झाला होता. पायांत हालचाल परत येऊ लागली आहे असे तिने परिचारिकेला आनंदाने सांगितले, आणि अर्ध्या तासाच्या आतच तिचे पाय उडू लागले. मी पोचले तेव्हा खाटेभोवती नातेवाइकांचा गराडा होता. सासूबाईंनी तिच्यावरून लिंबू उतरवले होते. पोरीच्या अंगात आले आहे, बाळंतिणीला वारे लागले आहे, असा तेथील सर्वांचा निश्चय झाला होता, आणि त्या निश्चयाचा सर्वांत मोठा आघात त्या मुलीवरच झाला होता, कारण आपल्यात काहीतरी अमंगळ शिरले आहे असे तिलाही वाटू लागले होते आणि ती बाळाला जवळ घ्यायला तयार नव्हती. दुसऱ्या बाजूला, कक्षातल्या तरुण डॉक्टरांनी तो गरोदरपणातील झटक्यांचा विकार समजून मॅग्नेशियम सल्फेटची तयारी मांडली होती. मी तिला नाव विचारले, गावाचे नाव विचारले; तिने नीट उत्तरे दिली. रक्तदाब सर्वसाधारण होता, डोळे स्थिर होते, हात शांत होते, जबडा शांत होता. हालचाल होती ती केवळ कमरेखाली. भूल देताना वापरलेल्या कुप्या मी परत पाहिल्या, रक्तातील साखर आणि कॅल्शियम तपासायला पाठवले, आणि मिडाझोलाम या शामक औषधाची अगदी लहान मात्रा शिरेतून दिली. तासाभरात झटके विरळ झाले, रात्री थांबले, आणि दुसऱ्या दिवशी ती आधार घेऊन चालली. तिच्या सासूबाईंना मी जवळ बसवून सांगितले की हे औषधामुळे झाले, औषध उतरले की गेले, आणि यात त्या मुलीचा काही दोष नाही. हे त्यांनी ऐकून घेतले आणि मानले. मला या प्रसंगात खरे दुःख झाले ते याचे की, हेच चार शब्द शस्त्रक्रियेपूर्वी कोणी बोलले असते तर त्या मुलीची ती संध्याकाळ वाचली असती.

ही हालचाल का होते याचा उलगडा शास्त्रज्ञांनी पूर्णपणे केलेला नाही, पण सर्वसाधारण मत असे आहे. मज्जारज्जूत स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी असतात, तशाच त्या चालनेला आवर घालणाऱ्या लहान लहान पेशीही असतात, आणि आपण पाय मुकाट्याने लांबवून पडून राहू शकतो तो या दुसऱ्या पेशींच्या अखंड जागरणामुळे. भुलीचे औषध दोघींनाही निजवते. ते उतरू लागले असता, क्वचित एखाद्या शरीरात, चालना देणाऱ्या पेशी आधी जाग्या होतात आणि आवरणाऱ्या मागे राहतात; बैल उठून जोत्याला लागावेत आणि कासरा धरणारा अजून झोपेतच असावा, तशी स्थिती त्या तेवढ्या वेळापुरती होते. दोघींचा मेळ पुन्हा बसला की पाय शांत होतात. मेंदूचा या प्रकाराशी संबंध नसल्यामुळे शुद्ध हरपत नाही, जीभ चावली जात नाही, आणि काही वेळा तर रुग्ण झोपी गेल्यावरही पाय हलत राहतात.

आता व्यवहाराकडे वळते. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर अंग हलण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील सर्वांत नेहमीचे म्हणजे हुडहुडी. पाठीतल्या भुलीनंतर ती इतक्या स्त्रियांना भरते की आमच्या परिचारिका तिच्याकडे वळूनही पाहत नाहीत, आणि नेमके येथेच पहिले पाऊल चुकते, कारण एकदा मनाने 'थंडी वाजते आहे' असे घेतले की रजई घालून माणूस पुढच्या खाटेकडे जातो. हुडहुडीत दात वाजतात, खांदे आणि हात थरथरतात. मायोक्लोनसमध्ये वरचे अंग शांत आणि पाय मात्र ठोके देणारे, हा भेद डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणाही परिचारिकेस एका मिनिटात कळू शकतो. एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातील झटक्यांचा तो विकार, असेल तर शुद्ध जाते आणि रक्तदाब बहुधा चढलेला असतो. उलटीवर दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडने कोणाची मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. कॅल्शियम उतरले तर हाताची बोटे एकत्र आखडतात. हे सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. त्याचा विस्तार येथे नको.

परंतु एक कारण असे आहे की जे पाठ्यपुस्तकांच्या जुन्या आवृत्त्यांत नाही, आणि ज्याच्यासाठी मी लेखणी हाती घेतली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आटोक्यात आणणारे औषध जपानमधील शोसुके आणि उताको ओकामोटो या दांपत्याच्या संशोधनातून १९६० च्या दशकाच्या प्रारंभी जगापुढे आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीने असे दाखवून दिले की बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात हे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी त्याची शिफारस केली, आणि तेव्हापासून ते प्रसूतीच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात हाताशी असणे आवश्यक ठरले. ते तसे असलेच पाहिजे. त्याने अनेक मातांचे प्राण वाचवले आहेत. पण हाताशी म्हणजे कोठे, याचा विचार पुष्कळ ठिकाणी झाला नाही. भूल देणाऱ्याच्याच ट्रेमध्ये, जड ब्युपिव्हाकेनच्या कुपीशेजारी, तशाच पारदर्शक काचेची, तशाच रंगहीन द्रवाची, जवळपास तेवढ्याच आकाराची ही दुसरी कुपी येऊन बसली. मध्यरात्रीची तातडीची शस्त्रक्रिया, बाळाचे ठोके मंदावलेले, एकटा भूलतज्ज्ञ, कुपी मोडून पुढे करणारा कोणी नवखा मदतनीस. अशा वेळी शेजारची कुपी उचलली गेली तर ते औषध शिरेत न जाता थेट कण्यात जाते.

मग काय होते ते आपल्यापुढे स्पष्ट शब्दांत ठेवणे मला भाग आहे. हे औषध मज्जारज्जूतील ज्या आवरणाऱ्या पेशींचा मी वर उल्लेख केला, त्यांचा निरोप ज्या द्वारांतून पुढे जातो ती द्वारेच बंद करते. निरुपद्रवी मायोक्लोनसमध्ये जो आवर काही काळ ढिला पडतो, तो येथे एका विषारी मात्रेने तोडून टाकलेला असतो. पाय बधिर होतच नाहीत. उलट पाठीत, नितंबांत, पायांत असह्य वेदना उठते, पाय झटकू लागतात, झटके वर चढत सर्वांगाचे होतात, नाडी आणि रक्तदाब भडकतात, आणि हृदयाची लय बिघडते. २०१९ साली 'ॲनेस्थेशिया' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा २१ घटना एकत्र केल्या होत्या. त्यांपैकी १० जण दगावले होते. या केवळ प्रसिद्ध झालेल्या घटना, ज्यांच्या डॉक्टरांना त्या लिहिण्याचे धैर्य झाले तेवढ्याच. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० च्या डिसेंबरात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्चात याविषयी इशारे दिले, आणि ही कुपी भुलीच्या औषधांपासून दूर, शक्यतो शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर ठेवावी असे संघटनेने स्पष्टपणे सुचवले.

तेव्हा, मंत्रिमहोदय, ज्या भेदावर सर्व काही अवलंबून आहे तो काळाचा भेद आहे. पाय हलले ते भूल उतरताना हलले, की भूल चढायच्या आतच? भूल नीट लागली होती, शस्त्रक्रिया शांतपणे झाली, आणि पुढे काही वेळाने, कमरेखालीच, शुद्धीवर असलेल्या स्त्रीचे पाय हलू लागले, तर बहुधा धीर धरावा, तपासण्या कराव्यात, सौम्य औषध द्यावे, आणि तिच्याजवळ बसावे. सुई काढल्यावर काही मिनिटांतच, भूल लागण्याची चिन्हे नसताना, पाठीतल्या वेदनेसह झटके सुरू झाले, तर क्षणाचाही विलंब न करता टाकलेली कुपी शोधून वाचावी, मदतीस माणसे बोलवावीत, खोल गुंगी देऊन श्वास कृत्रिम चालवावा, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवावी आणि अतिदक्षता विभाग गाठावा. अपवाद असतात, आणि क्वचित पहिला प्रकारही लवकर सुरू झालेला पाहण्यात आला आहे. म्हणूनच कुपी वाचणे हे दोन्ही प्रकारांत पहिले कर्तव्य. हा भेद एका अर्ध्या पानावर छापता येतो. ते अर्धे पान राज्यातील प्रत्येक प्रसूतिशस्त्रक्रियागृहाच्या आणि प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर मराठीत लागावा, आणि जीवरक्षक भूलकौशल्याचे काही महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन तालुक्याच्या ठिकाणी भूल देणाऱ्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात त्याचा समावेश व्हावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती खरेदीविषयी आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मनुष्याच्या दक्षतेवर सर्व भिस्त ठेवणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे; तिसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासाला दक्षता कोणाचीही ढळते. राज्याची औषधखरेदी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आहे. निविदेत दर, मुदत, प्रमाणपत्रे यांच्या अटी असतात. तेथे आणखी एक अट घालावी की ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या कुपीवर 'फक्त शिरेतून' हे शब्द ठळक असावेत, तिचा आकार आणि पट्टीचा रंग जड ब्युपिव्हाकेनच्या कुपीहून उघड वेगळा असावा, आणि पुरवठादार बदलला तरी हा भेद बदलू नये. आज पुरवठादार बदलला की कुपीचे रूप बदलते, आणि काल ज्या रंगावर हाताला विश्वास होता तो आज फसवा ठरतो. भांडारपालाला याची कल्पना नसते आणि भूलतज्ज्ञाला ती आयत्या वेळी येते. त्याच हुकुमात हेही असावे की ही कुपी भुलीच्या ट्रेत व ट्रॉलीवर ठेवण्यास मनाई आहे, ती वेगळ्या कपाटात राहील आणि पाठीतली भूल देऊन झाल्यावरच आणली जाईल, आणि कण्यात सोडावयाचे औषध भरण्यापूर्वी दोघांनी त्याचे नाव मोठ्याने वाचावे.

कण्यातील सुईला साधी सिरिंज जोडताच येऊ नये अशी वेगळ्या मापाची जोडणीही आता आंतरराष्ट्रीय मानकानुसार उपलब्ध आहे. ती घ्यावी, शिरेतील औषधाने भरलेली सिरिंज चुकून कण्याला लागण्याचा धोका तिने टळेल. पण योग्य सिरिंजमध्येच जर चुकीची कुपी ओढली गेली तर ती जोडणी काही करू शकत नाही, हे खरेदी करणाऱ्यांनी विसरू नये. महाग वस्तू घेतली म्हणजे जबाबदारी संपली असा समज अशा बाबतींत फार लवकर होतो.

तिसरी गोष्ट नोंदींची. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरफिल्ड येथे वूली आणि रो या दोन पुरुषांना एकाच दिवशी, एकाच रुग्णालयात पाठीतली भूल दिली गेली आणि दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. पुढे खटला उभा राहिला; काचेच्या कुप्या फिनॉलच्या द्रावणात बुडवून ठेवलेल्या असत आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांतून ते द्रावण आत झिरपले असावे, असे न्यायालयापुढे मांडले गेले, आणि १९५४ साली अपील न्यायालयाने डॉक्टरांना दोषी धरले नाही, कारण १९४७ मध्ये हा धोका कोणास ठाऊक नव्हता. खरे कारण काय यावर पुढे अनेक वर्षे वाद होत राहिला. पण त्या दोन घटनांनी ब्रिटनमध्ये पाठीतल्या भुलीवरचा विश्वास असा उडाला की तो परत यायला काही दशके लागली, आणि त्या काळात ज्या स्त्रियांना ही सुरक्षित भूल मिळाली असती त्यांना ती मिळाली नाही. मला या हकीकतीतून आपल्या राज्यासाठी जी भीती वाटते ती हीच: एखाद्या गावात एखादी बाळंतीण पाय झाडताना दिसेल, कारण कोणी सांगणार नाही, अफवा पसरेल, आणि त्या पंचक्रोशीतल्या स्त्रिया पाठीतल्या सुईला नकार देऊ लागतील.

त्याला उत्तर म्हणजे नोंद, आणि नोंद म्हणजे भयरहित नोंद. केंद्र सरकारने मातांच्या जीवघेण्या प्रसंगांतून वाचण्याच्या घटनांचा आढावा घेण्याची पद्धत २०१४ साली घालून दिली आहे; औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि आता गाझियाबादच्या औषधकोश आयोगाच्या देखरेखीखाली चालू आहे; प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' कार्यक्रम आहे. नवे खाते उघडण्याची गरज नाही. भूल दिल्यानंतरच्या प्रत्येक अनैच्छिक हालचालीची नोंद या चालू दप्तरांत व्हावी, तीत वापरलेल्या कुप्यांची नावे, गटक्रमांक आणि वेळ असावी, आणि नोंद करणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरावर किंवा परिचारिकेवर केवळ नोंद केली म्हणून कारवाई होणार नाही असे लेखी अभय असावे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० साली कायदा केला. त्या कायद्याने शरीराचे रक्षण होते, पण जिल्हा शल्यचिकित्सकाच्या कारणे दाखवा नोटिशीच्या धाकाने जी चूक कपाटात बंद होते तिचे काय, हा प्रश्न उरतोच. लपवलेल्या चुकीतून दुसऱ्या रुग्णालयाला काहीच शिकता येत नाही, आणि तीच कुपी तेथेही त्याच ट्रेत बसलेली असते.

शेवटची विनंती त्या स्त्रीच्या वतीने. संमतिपत्रावर अंगठा किंवा सही घेतली जाते ती बहुधा कळा सुरू असताना, घाईत, आणि कित्येकदा तिच्या नवऱ्याकडून. कायद्याने सज्ञान असलेल्या त्या स्त्रीला, ती गरोदरपणात तपासणीला येते तेव्हाच, सवडीने आणि तिच्या बोलीत सांगितले गेले पाहिजे की पाठीतून भूल कशी देतात, पाय किती वेळ जड राहतात, हुडहुडी भरली तर घाबरू नये, आणि फार क्वचित भूल उतरताना पाय आपोआप हलतात, ते थांबतात, पण ते हलू लागले तर लगेच परिचारिकेला बोलवावे. हे सांगायला आशाताई आहेत, आरोग्यसेविका आहेत, माता व बालसंरक्षण कार्ड आहे; त्या कार्डावर चार ओळींची जागा निघू शकते. घाबरेल म्हणून सांगू नये, असे म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे मला कधीच पटले नाही. स्त्री घाबरते ती काही न कळल्याने. आणि तिला न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ मग शेजारपाजार लावतो.

या पत्रातील कोणत्याही मागणीस मोठा निधी लागत नाही. निविदेतील एक अट, कपाटातील एक वेगळा कप्पा, भिंतीवरचे अर्धे पान, कार्डावरच्या चार ओळी आणि नोंद करणाऱ्यास अभय, एवढेच मागणे आहे. प्राधिकरणाच्या पुढच्या औषधखरेदीची निविदा निघण्यापूर्वी आपण आरोग्यसेवा संचालक, प्राधिकरणाचे अधिकारी, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतिकक्षातील परिचारिका यांना एकत्र बसवून हा हुकूम काढावा, आणि तोपर्यंत राज्यातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहाच्या भुलीच्या ट्रेतून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या कुप्या आजच बाहेर काढल्या जातील असे परिपत्रक पाठवावे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

कळावे,

आपली नम्र,
सरकारी सेवेतून निवृत्त झालेली एक भूलतज्ज्ञ